फीबीची साक्ष

गाव बसलं तेव्हापासून बाबाच इथले पाद्री, त्यामुळे गावाचा इतिहास लिहायचं कामही त्यांच्याकडेच आलं. नियम त्यांनीच घातला होता: दोन जुन्या माणसांची साक्ष जुळल्याशिवाय ओळसुद्धा लिहायची नाही.

गुलामगिरीविरुद्ध बोलतात म्हणून याच गावानं एकेकाळी त्यांना अंडी मारली होती. त्याच हिवाळ्यात मालकाकडून पळालेली फीबी नदी ओलांडून आली. बाबांनी तिला चर्चच्या तळघरात लपवलं. गावकऱ्यांनी तिला ओढून काढलं आणि मालकाच्या माणसांच्या हवाली केलं. तिला नेलं ती गाडी ओबेद फेल्प्सची होती.

आता अमेरिकेतलं उत्तर-दक्षिणेचं युद्ध संपून गेलं, गुलामगिरीही गेली. फीबीबद्दल लिहायचं म्हणून बाबा ओबेदकडे निघाले. त्यांचे डोळे अधू झालेले, म्हणून बाळाला कडेवर घेऊन मीही गेले.

ओबेद ओसरीवर मक्याची कणसं सोलत होता. "या पाद्रीबुवा! अजून आहात होय?"

"तुला पुरल्याशिवाय कसा जाऊ? ओबेद, फीबी आठवते?"

"न आठवायला काय झालं? माझ्याच गाडीत, गवताखाली लपवून उत्तरेला सुखरूप पोचवली की!"

"अरे, तिचे हात बांधले होते. दोरी तुझी होती."

"काहीतरीच! हिला विचारा."

त्याची म्हातारी दारात आली. "थंडीनं कुडकुडत होती गं बिचारी," ती मला म्हणाली, "मीच शाल दिली." तिच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं.

"झाल्या दोन साक्षी!" ओबेद हसला. "लिहा आता. नियम तुमचाच!"

गावभर फिरलो. घरोघरी तीच गाडी, तेच गवत.

"मोडा ना नियम," वाटेत मी म्हणाले. "तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय."

"तेही तसंच म्हणतात, पोरी. तुझी आई असती तर दोघं झालो असतो."

पुस्तक छापून आलं. त्यात गिरणी होती, शाळा होती, टोळधाड होती. फीबी नव्हती, खोटीही नाही आणि खरीही नाही.

जुन्या रहिवाशांच्या मेळाव्यात ओबेदनं उभं राहून गाडीची गोष्ट सांगितली. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझं बाळही मांडीवर टाळ्या पिटू लागलं. मी त्याचे इवलेसे हात धरून ठेवले.

मग लोक रांगेनं बाबांपाशी आले. "गावानं फीबीला वाचवलं, एवढं मोठं काम, आणि पुस्तकात अवाक्षर नाही! आपल्या गावाची फुशारकी नको म्हणूनच ना? केवढी नम्रता तुमची!"

बाबांनी एकेकाच्या हातात हात दिला.