छाया सिस्टरचा नंबर

"या कंपुटरपाय डाक्टर तोंडाकडं बघतच नाय," रांगेतली एक म्हातारी शेजारणीच्या कानात कुरकुरली. छाया सिस्टर तिथेच रक्तदाब मोजत होती. "माझ्याकडं तरी कुठं बघतात," असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात एप्रनच्या खिशातला फोन थरथरला.

फोन दिवसभर थरथरायचा. ते दुखणं तिनं आपल्या हातानंच ओढवून घेतलेलं. ट्रस्टच्या या हॉस्पिटलात कागदी केसपेपर जाऊन कंप्युटर आला, तेव्हा मोबाइल नंबर भरल्याशिवाय पुढचं पानच उघडेना. घाटातल्या ठाकुरवाडीहून येणाऱ्या बायांकडे फोन कुठला? घरात असला तर तो मुलाच्या खिशात, आणि मुलगा खोपोलीला कंपनीत. बाई हिरमुसून परत निघाली, की छाया नोंदणीच्या खिडकीतल्या राजेशला म्हणायची, माझा टाक रे. एकीला दिला, मग दुसरीला नाही कसं म्हणायचं? वाडीची रीतही तशीच, ज्याच्याकडे फोन त्याच्याकडे सगळ्यांचे निरोप. बघता बघता कंप्युटरच्या लेखी निम्मा डोंगर छायाच्या घरचा झाला.

पूर्वी रिपोर्टचा कागद तिच्या हातात पडे आणि वाडीकडे जाणारं कोणी दिसलं की ती हाक मारून निरोप धाडी. आता कोणाची साखर, कोणाचं रक्त, कोणाची पुढची तारीख, सगळं खिशात येऊन साचायचं. वर 'आमची सेवा कशी वाटली?' म्हणून तारेही मागायचे. चहा पिता पिता ती सगळ्यांच्या वतीनं पाचच्या पाच देऊन टाकी. समाधानी रुग्णांबद्दल हॉस्पिटलचा सत्कार झाला, तेव्हा तिला हसू आवरेना. समाधानी होती ती एकटीच.

आज ठाकुरवाडीची गोदूबाई आली होती, सून सुप्रियाला घेऊन. गणपती झाल्यावर गोदूबाईच्या छातीतल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता. आता शिमगा तोंडावर आला होता, गाठ फुटली होती आणि हात खांद्यापासून सुजला होता. छायाच दोघींना डॉक्टरकडे आत घेऊन गेली.

डॉक्टर ऋषिकेशनं पडद्यावरचा रिपोर्ट वाचला आणि पडदा सोडून गोदूबाईकडे बघितलं. रिपोर्ट दिवाळीआधीच आलाय, तो हळू म्हणाला. पुढचे उपचार मुंबईला करावे लागतील. कशाचे, ते त्यानं सांगितलं नाही. मग आवाज चढवून, तुम्ही लोक वेळेवर येत का नाही, म्हणाला. सुप्रियानं चूक आपल्या अंगावर घेतली. भातकापणी होती, राहूनच गेलं.

मेसेज गेला होता की नाही हे बघायला राजेशला बोलावलं. गेला होता. तो नंबर मोठ्यानं वाचायला लागला, मधेच थांबला, छायाकडे बघितलं आणि त्या दिवसांत सर्व्हर बंद होता असं पुटपुटला.

ड्रेसिंगचं सामान आणायचं निमित्त करून छाया बाहेर गेली. व्हरांड्यात उभी राहून फोनवर बोट खाली खाली सरकवत राहिली. गोदूबाईचं नाव दोनदा सापडलं. एका निरोपाला तिनं पाच तारे दिले होते. त्याच्याच खालचा उघडलेला नव्हता.

ती आत आली तेव्हा गोदूबाईच डॉक्टरची समजूत घालत होती.

"सुनेला नका बोलू. मीच नाय आले. निरोप छायाबायकडं येनार होता. तिनं धाडला नाय, म्हंजे वाईट काय नसंल, असं मी धरलं." आणि छायाकडे वळून म्हणाली, "होय ना गं बाय?"

राजेशनं डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा. डॉक्टर माउस उगाच इकडेतिकडे फिरवत, कंप्युटरवाल्या कंपनीकडे सर्व्हरची तक्रार करू म्हणाला. सुप्रिया गाडीची वेळ विचारायला लागली. सगळ्यांनी मिळून छायासाठी वाट मोकळी करून ठेवली होती, तिनं फक्त मान हलवायची होती.

छायानं सामानाचा ट्रे टेबलावर ठेवला. स्टूल ओढून गोदूबाईच्या समोर बसली आणि तिचा सुजलेला हात जपून आपल्या मांडीवर घेतला.

"गोदूमावशी, कॅन्सर आहे," ती म्हणाली. "सर्व्हरला काही झालं नव्हतं. निरोप माझ्याकडे आला होता. मीच बघितला नाही."