खिशातली शिट्टी

"दे बरं ते इकडे," टॅक्सी शाळेच्या फाटकाशी थांबत असतानाच त्याने धाकटीपुढे हात केला.

धाकटीने त्याच्या तळहाताकडे पाहिलं, मग ताईकडे. ताई खिडकीबाहेर बघत होती. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक लांबच लांब भिंत होती.

"का, बाबा?"

"अर्धा तास फक्त. बाहेर आलो की लगेच देतो."

सहा वर्षांच्या मुलीला एवढं पुरलं. तिने डाव्या कानातलं ऐकायचं मशीन काढून त्याच्या हातावर ठेवलं. शेंगदाण्याएवढं ते मशीन त्याने शर्टाच्या खिशात टाकलं आणि उगाचच हात पँटला पुसला.

एरवी ते मशीन रोज सकाळी तिच्या कानात बसवायचं काम त्याचंच. बायकोच्या हातून ते कधी नीट बसत नसे, त्याच्या हातून एका फटक्यात बसे. बारीकसारीक यंत्रांना त्याचा हात सरावलेला होता. तो लिफ्ट दुरुस्तीचा माणूस. बावीस वर्षं उंच इमारतींच्या पोटात उभ्या बोगद्यातून वर-खाली करण्यात गेली. हाताखालच्या पोरांनी त्याचं नाव 'मेनबंद' पाडलं होतं, कारण कुणी पाना उचलला रे उचलला की हा खालून ओरडे, "आधी मेन बंद केलास का?" दुसरा नियम त्याहून कडक. स्वतः तपासल्याशिवाय यादीवर बरोबरची खूण करायची नाही. एकदा अकराव्या मजल्याचं दार तपासलं की नाही हे आठवेना, तर लिफ्ट बंद असताना गडी सगळे जिने पुन्हा चढून गेला होता.

अशा माणसाने शाळेच्या फॉर्मवर खोटी खूण केली होती.

कंपनीने त्याला या परक्या शहरात धाडलं त्याला महिना होत आला होता. बाहेरून आलेल्यांची मुलं ज्या शाळांत जातात, तशा तीन शाळा दोघा नवराबायकोंनी पाहिल्या. पहिल्या शाळेत पोहायचा तलाव होता, घोडासुद्धा होता. तिथला फॉर्म बायकोने भरला, खरा खरा भरला. चार दिवसांत गोड भाषेतलं पत्र आलं. मोठीला जागा आहे, धाकटीसाठी 'सध्या तशी सोय नाही'. ताईने ते पत्र वाचलं आणि जेवायला नको म्हणाली. "ती नाही तर मी पण नाही," एवढंच बोलली. तिसरी शाळा दीड तासावर. उरली ही मधली. तिचा फॉर्म त्याने बायकोच्या हातातून ओढून घेतला आणि 'ऐकण्याची काही अडचण?' याच्यापुढे 'नाही'वर खूण केली.

"अहो, खोटं लिहिताय तुम्ही," बायको म्हणाली.

"एकदा आत तर जाऊ दे. मग सांगू."

"मग तुम्हीच न्या तिला. मी घरी थांबते, सामानवाले येतील."

सामान दोन दिवसांपूर्वीच आलं होतं. त्याने तो विषय काढला नाही, तिनेही नाही.

ऑफिसात त्याने खुर्च्यांचा अंदाज घेतला आणि धाकटीला अशी बसवली, की तिचा उजवा कान टेबलाकडे राहील. तो कान बऱ्यापैकी धड होता. शांत खोलीत, समोरच्याच्या ओठांकडे बघत ती वेळ निभावून नेई. फक्त बारीक, टोकदार आवाज तिला मशीनशिवाय ऐकू येत नसत.

मुख्य बाई चष्मा डोक्यावर सरकवून बसल्या होत्या. त्या इंग्रजीत विचारत होत्या आणि धाकटी पोपटासारखी उत्तरं देत होती. आवडता रंग कोणता, भावंडं किती, चित्रात काय दिसतंय. त्याच्या जिवात जीव आला. बाईंनी ताईची जुनी प्रगतिपुस्तकं मागितली, तसा तो टेबलावर ओणवा होऊन कागद पुढे सरकवायला लागला. खिसा टेबलाच्या कडेवर दाबला गेला.

आणि खिसा शिट्टी वाजवायला लागला.

बारीक, न थांबणारी शिट्टी. ही शिट्टी त्याच्या चांगल्या ओळखीची होती. मशीन चालू असताना त्याच्यावर काही दाबलं गेलं की ते असंच केकाटतं. सेलचं झाकण उघडलं की बंद. एवढंच करायचं होतं, आणि बावीस वर्षांत कधी न विसरलेला माणूस नेमका आज मेन बंद करायला विसरला होता.

"कसला आवाज?" बाईंनी विचारलं.

"फोन," तो म्हणाला, आणि खिशावर तळहात दाबून धरला. शिट्टी आणखी चढली.

ताईचे कान लालभडक झाले. ती आपल्या बुटांकडे बघत बसली. धाकटीला मात्र काहीच ऐकू आलं नव्हतं. तिला दिसलं ते एवढंच, की बाई बाबांकडे बघताहेत आणि बाबांचा चेहरा उतरलाय. काहीतरी अडलं होतं. काही अडलं की काय म्हणायचं, ते बाबांनी काल संध्याकाळी वीसदा तरी घोकून घेतलं होतं. ती खुर्चीवरून उतरली, दोन्ही हात मागे बांधले आणि जरा जास्तच मोठ्या आवाजात म्हणाली, "मला सगळं नीट ऐकू येतं."

मग बरोबर बोलले ना, अशा नजरेने तिने त्याच्याकडे पाहिलं.

शिट्टी वाजतच होती. त्याला वाटलं, लिफ्टच्या बोगद्यात उतरून वरून दार लावून घ्यावं. त्याने मशीन बाहेर काढलं, नखाने सेलचं झाकण उघडलं आणि ते टेबलावर ठेवलं.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "मुलीचं यात काही नाही. मीच शिकवलं तिला."

बाईंनी डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून ते मशीन पाहिलं. "आमच्याकडे अशी नऊ मुलं आहेत," त्या म्हणाल्या. "हा प्रश्न आम्ही का विचारतो माहितीये? मूल वर्गात कुठल्या बाजूला बसवायचं ते कळावं, म्हणून." त्यांनी फॉर्म त्याच्याकडे फिरवला. "एवढं दुरुस्त करून द्या. दोघींना सोमवारपासून पाठवा."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याच्या धंद्यात चुकलेली खूण गिरवून लपवत नाहीत, आडवी रेघ मारून शेजारी सही करतात. त्याने तसंच केलं. सही मात्र दुसऱ्याच कुणाची वाटत होती.

बाहेर पायऱ्यांवर तो नेहमीसारखा उकिडवा बसला आणि मशीन घेऊन त्याने हात तिच्या कानाकडे नेला.

धाकटी एक पायरी मागे सरकली. "मी लावते."

तिला ते तीन प्रयत्नांनी जमलं. ताईने मदतीला हात पुढे केला, तो मात्र तिला चालला.

टॅक्सीत ती ताईच्या पलीकडे बसली. "बाबा, सोमवारी पण काढायचं?"

"नाही गं. कधीच नाही काढायचं."

तिने शहाण्यासारखी मान हलवली. पण मशीन झाकायला डाव्या कानावर ठेवलेला हात काही काढला नाही. तळहाताखाली मशीन दबून शिट्टी वाजायला लागली. टॅक्सीवाल्याने आरशातून मागे पाहिलं, ताईने बापाकडे पाहिलं. हात काढ, असं तिला सांगणं सोपं होतं. घर येईपर्यंत शिट्टी वाजत होती.