लाल चिमट्याने तोंड उघडलं

मी लाल चिमटा बोलतोय. कपडे वाळत घालायच्या दोरीवरचा. जन्मभर तोंड मिटून बसल्यामुळे बोलायला कधी जमलंच नाही. आज दोरी रिकामी आहे, तेवढ्यात ऐकून घ्या.

माझा जन्म साच्यात झाला. गरम प्लास्टिक ओतलं, गार केलं, दोन तुकड्यांमध्ये स्प्रिंग अडकवली की झालो मी तयार. बाळा, तुला मोठेपणी काय व्हायचंय, असं कोणी विचारलं नाही. चिमटा म्हणजे कपडे धरणार, विषय संपला. माणसंही आपल्या पोरांच्या बाबतीत साधारण असंच करतात. फक्त साचा लपवून ठेवतात.

निळ्या, पिवळ्या, हिरव्या, पांढऱ्या भावंडांबरोबर मी एका घराच्या बाल्कनीत आलो. त्या घरातल्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी बसेल तर शपथ! तिला नवनव्या भाषा बनवायचा नाद होता. पहिली केली चमच्यांची. ताटात चमचा उलटा ठेवला की 'भाजी नको'. आईला ती काही कळली नाही. निदान आई तसं म्हणायची आणि भाजी वाढायची. मग भिंगरीने जिन्याच्या कठड्यावर टकटक करायची भाषा काढली. ती शेजाऱ्यांनी आठवड्यात बंद पाडली.

अरुंद गल्ली ओलांडली की समोरच्या इमारतीत काकाचं घर. आजी त्याच्याकडे राहायची. बाबा आणि काका सख्खे भाऊ, पण वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण कशावरून झालं ते दोघेही विसरले होते. आधी आपण बोलायचं नाही, एवढंच दोघांच्या पक्कं लक्षात होतं. मोठी माणसं याला स्वाभिमान म्हणतात. आम्ही चिमटे याला गंजलेली स्प्रिंग म्हणतो.

आजीला कमी ऐकू यायचं. तिच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीला बातमी. पण लांबचं तिला लख्ख दिसायचं. झालं, भिंगरीने आम्हाला कामाला लावलं. भाजीबाजारात आजीला गाठून तिची शिकवणीही घेतली.

भाषा सोपी होती. कपडा म्हणजे माणूस आणि चिमटा म्हणजे त्याची बातमी. बनियन म्हणजे बाबा, ओढणी म्हणजे भिंगरी स्वतः, आणि उलटा मोजा म्हणजे मामा. हिरवा चिमटा 'मजेत', पिवळा 'लवकर ये', पांढरा 'जमत नाही', निळा 'रुसलाय'. आजीने त्यात आपलीही भर घातली. चिमटा आडवा लावला की 'खोटं बोलतोय'. काकाच्या शर्टाला आडवा चिमटा पुष्कळदा असे.

आणि मी? मी म्हणजे 'पडझड झाली, धावा!' त्यामुळे मला कोणी हात लावेना. बाकीचे दिवसभर दोरीवर गप्पा हाणत आणि मी चिमट्यांच्या बादलीच्या तळाशी ताटकळत पडलेला. इतका मोठा शब्द, पण वापरायला कोणी नाही.

भिंगरीची शाळा संपली. पुढे काय, हे ठरवायला एका सकाळी मामा हजर झाला. मामा कर सल्लागार. माणसाकडे बघतानाही बेरीज करतोय असं वाटायचं.

"भाऊजी, पोरगी हुशार आहे. हिला आकडेमोडीला घाला. माझ्या ऑफिसात खुर्ची तयार आहे."

"मला भाषाविज्ञान शिकायचंय," भिंगरी म्हणाली.

"ते शिकून माणसं काय होतात?"

"मामा, तुम्ही फोनवरून पैसे पाठवता ना? ते वाटेत कोणाला वाचता येऊ नयेत म्हणून कोणीतरी कूटभाषा रचतंच की. आजारात वाचा गेली तर माणसाला पुन्हा बोलतं करणारे असतात. ऐकू न येणाऱ्यांसाठी कोर्टात, दवाखान्यात हातांनी बोलणारे दुभाषी असतात. कॉम्प्युटरला माणसाचं बोलणं समजावं म्हणून तर माणसं पगार देऊन बसवतात! कुठे चार म्हातारी माणसं एखादी भाषा बोलत असतील, तर ती विरून जायच्या आत टिपून ठेवणारे..."

"बास, बास! दम घे."

"आणि सिनेमात परग्रहावरची माणसं दाखवतात, त्यांना बोलायला कोण शिकवतं?"

"कोण?"

"ज्यांना त्यांच्या मामांनी मोकळं सोडलं ते!"

"उलट बोलू नकोस," बाबा म्हणाले. "प्रवेशाचा उद्या शेवटचा दिवस. मामाबरोबर जायचं आणि नाव घालून यायचं. विषय संपला."

हे दोन शब्द ऐकून माझी स्प्रिंग कळवळली. साच्याचा वास आला हो मला!

भिंगरी नाक पुसत बाल्कनीत आली. बाबा ऐकतील तर फक्त आजीचं, हे तिला ठाऊक होतं. तिने ओढणी टांगली आणि पिवळा लावला. 'लवकर ये.' समोर आजी आली, तिने वाचलं, आत गेली. थोड्या वेळाने तिची साडी दोरीवर चढली. तिला पांढरा चिमटा. शेजारी काकाचा शर्ट, त्याला निळा. 'जमत नाही. हा अजून रुसलाय.'

भिंगरी खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

मग आई धुतलेले कपडे घेऊन बाहेर आली. "सकाळी सकाळी ही ओढणी कशाला मध्येच?" असं पुटपुटत तिने ती काढली आणि कपडे वाळत घालू लागली. चादर, परकर, टॉवेल. आणि बाबांचं बनियन. त्या बनियनवर पहिल्यांदाच बसलो मी!

समोर आजीने कपाळावर हात मारला.

थोड्याच वेळात आमच्या दाराची बेल अशी वाजली, जशी कोणी तिच्यावर झोपलंय. दार उघडलं तर आजी. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात काकाची. मागे काका, अर्ध्या गालाला साबणाचा फेस.

"कुठे पडलास? कुठे लागलं?" म्हणत काका बाबांचे गुडघे चाचपू लागला.

"अरे, कोण पडलं?"

"तू! आईने वाचलं."

"कुठे वाचलं?"

"तुझ्या बनियनवर!"

बाबांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. त्या दिवशी घरात पडलं ते एवढंच.

आवाज ऐकून भिंगरी धावत आली, दोरीकडे बघून किंचाळली. "आई! बाबांना लाल लावलास?"

"मला काय कळतंय त्यातलं? हाताला लागला तो लावला."

आता दोघे भाऊ समोरासमोर. पळवाट नाही.

"अर्धी दाढी ठेवून आलास?" शेवटी बाबा म्हणाले.

"तू पडलास म्हटल्यावर काय पूर्ण करत बसू?"

आजी खुर्चीत टेकली. भिंगरीने तिच्या कानाशी लागून सकाळचं सगळं सांगितलं. कमी ऐकू येणाऱ्यांचा आवाज मोठा असतो. "तुम्हाला दोघांना एवढी तोंडं दिली, इतक्या वर्षांत एक शब्द फुटला नाही. या पोरीने प्लास्टिकला बोलतं केलं! आणि तुम्ही तिला विचारताय, शिकून होणार काय?"

"पण आजी, नोकरीचं..." मामाने तोंड घातलं.

"काय म्हणतोय उलटा मोजा?"

मामा आपल्या पायांकडे बघू लागला. काकाला हसू फुटलं आणि फेस मामाच्या कोटावर उडाला. बाबा हसू दाबत होते, ते काही जमलं नाही. मग ते उठले, बाल्कनीत आले आणि दोरीकडे कितीतरी वेळ बघत राहिले.

"भिंगरे, निळा म्हणजे काय?"

"रुसलाय."

"मला कितीदा लावलास?"

"तुम्हाला दुसरा क्वचितच लावला, बाबा."

दुसऱ्या दिवशी भिंगरी प्रवेश घ्यायला गेली, भाषाविज्ञानालाच. एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला काका. रस्ता कुठून जवळचा यावरून दोघे वाटभर भांडले म्हणे. पण तोंडाने.

आता भिंगरी दूर शिकते. ज्यांची वाचा गेलीय त्यांच्यासाठी चित्रांच्या पाट्या बनवते. इकडे बाबा आणि काका दोरीवरून गप्पा मारतात. बाबांचं व्याकरण अगदीच कच्चं. परवा त्यांनी चहाला बोलावलं, तर काका औषधांची पेटी घेऊन आला.

मी मात्र उन्हाने विटलो. लालचा गुलाबी झालो, दोरीवर नवा लाल आला आणि मला अर्थच उरला नाही. केराच्या डब्याची वाट बघत होतो. सुट्टीत आलेल्या भिंगरीने मला उचललं, उजेडात धरलं आणि हळूच विचारलं, "काय रे, आईने तुला खरंच चुकून लावलं होतं का?"

मी गप्प. तोंड घट्ट मिटून धरणं, यासाठीच तर माझा जन्म.

तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही तिला सांगणार नाही. त्या सकाळी आईच्या हाताला आधी हिरवा लागला होता. तिने तो परत टाकला. पिवळा आला, तोही टाकला. मग कोपरापर्यंत हात बादलीत घालून मला शोधून काढलं. समोर आजी उभी आहे ना, हे बघितलं. मला बनियनवर लावलं आणि पुटपुटली, "नीट धर हं."

चमच्यांची भाषाही तिला पहिल्या दिवसापासून येत होती. भाजी मात्र ती वाढायचीच.

तुमच्या घरात एखादं पोर काहीबाही खुणा करत असेल तर एवढंच करा. समजत नसेल तर विचारा. आणि समजत असेल, तर योग्य वेळ येईपर्यंत मुकाट्याने कपडे वाळत घाला.