फाटकाची कडी

दादांनी दुर्बीण डोळ्यांना लावली, पण मधल्या चाकाला बोट लागू दिलं नाही. न्हाणीघरात पाण्याचा आवाज चालू होता, म्हणजे बायको इतक्यात बाहेर येणार नव्हती. जन्मभर चष्म्याच्या काचा घासलेल्या माणसाला एवढं कळतंच, की दुर्बीण शेवटी कुठे बघत होती ते तिचं चाक सांगतं. माणूस खोटं बोलेल, काच नाही.

जवळच्या झाडावरचं दाण्याचं भांडं अंधुक दिसलं. गल्लीपलीकडच्या छपरावरचे बुलबुल म्हणजे नुसते डाग. स्वच्छ, अगदी गंजाच्या ठिपक्यांसकट दिसली ती मागच्या फाटकाची कडी.

कडीवर कुठलं पाखरू बसतं?

सगळा हिवाळा बायको ही दुर्बीण घेऊन या खिडकीत बसून होती. कावळा आणि कोकीळ शेजारी बसवले तरी ओळखू न शकणारी बाई अचानक पाखरांच्या नादी लागली, तेव्हाच दादांच्या मनात पाल चुकचुकली होती. मागच्या गल्लीत एक निवृत्त बसड्रायव्हर राहायचा. एकटा, धडधाकट, केस अजून काळेभोर. तो कलप आहे असं दादांचं ठाम मत. तो आणि बायको फाटकाशी हळू आवाजात बोलायचे आणि दादा दिसले की हवापाण्यावर यायचे. ऐन थंडीत दादांचा राखाडी मफलर नाहीसा झाला, तेव्हा बायको म्हणाली, सापडेल. शोधायला मात्र उठली नाही. आता थंडी सरली, झाडाला कोवळी पानं फुटली, दयाळ पहाटेपासून शीळ घालू लागला, तरी बाईसाहेबांची नजर फाटकावरच. पाणी कुठेतरी मुरत होतं.

कालच त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, "काय काय दिसलं आज?"

"चिमण्या," ती म्हणाली. "नेहमीच्याच."

दादांनी दुर्बीण जागेवर ठेवली, चपला घातल्या, कडी काढली आणि गल्ली ओलांडली. ड्रायव्हर दाराशी खुर्ची टाकून चहा पीत होता. त्याच्या मागे, भिंतीवरच्या खुंटीला, राखाडी मफलर लटकत होता. दादांनी त्याकडे बोट दाखवलं.

ड्रायव्हर दचकला नाही, लाजलाही नाही. कप खाली ठेवून आत गेला, मफलर आणून दादांच्या खांद्यावर टाकला आणि त्यांच्या दंडाला धरलं. हाताला सवय असल्यासारखं.

"चला दादा, घरी सोडतो. आज उजेडात निघालात, बरं झालं."

दादा जागचे हलले नाहीत.

"मी याआधी आलोय इथे?"

ड्रायव्हरने क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग सांगितलं, की दादा अधूनमधून अंधारात असेच निघून येतात, इथवर आले तर काळजी नसते; एकदा मात्र ते पार डेपोपर्यंत गेले होते आणि वहिनींचा जीव अर्धा झाला होता. त्या दिवशी त्यांना परत आणताना मफलर इथेच राहिला. वहिनी म्हणाल्या, असू दे, घरी नेला तर कुठे होता म्हणून विचारतील.

थंडीतल्या एका सकाळी आपल्या चपला चिखलाने माखलेल्या दिसल्या होत्या, ते दादांना आठवलं. कुणी घातल्या म्हणून ते बायकोवरच डाफरले होते, आणि ती मुकाट्याने चपला धूत बसली होती. ड्रायव्हरने धरलेला दंड त्यांनी सोडवून घेतला नाही.

फाटकाशी बायको उभी होती. ओले केस, पायात काही नाही. मफलर दिसताच तिचा चेहरा उतरला, पण आवाज तिने सावरला.

"पाखरं बघायला गेला होतात का?"

"हो," दादा म्हणाले.

घरात आल्यावर ते खिडकीपाशी गेले. दुर्बीण हातात घेतली, काचेवरची धूळ मफलरच्या टोकाने पुसली आणि तिच्या हातात दिली.

"चाक हलवू नकोस," ते म्हणाले. "आहे तिथेच राहू दे."