एका पायाची गवर

“गवर आणताना पायात वहाण नको, पोरी. मातीनं पाय वळखला पायजे.”

रत्नागिरीकडच्या पाणवठ्यावर आई बोलली होती. आईला जाऊन किती पावसाळे लोटले. पण भादवा लागला की तो आवाज शेवंतीच्या कानात रित्या घागरीसारखा घुमायचा.

मीरा रोडच्या या बिल्डिंगीत मात्र म्हाताऱ्यांना साखरेचंच कौतुक. साखर शेवंतीलाही होती, पण ती मिरवायची नाही. खालच्या मजल्यावरची विमलाबाई बोट टोचून आकडा बघायची, अख्ख्या जिन्याला ऐकवायची आणि त्याच बोटानं श्रीखंड चाटायची. आणि घरात महिपत, तिचा नवरा. मऊ चपला घालून फिरणार, रोज संध्याकाळी पाय पुसून हातआरशात तळवे न्याहाळणार.

“काय हो, तळव्याला मिशी फुटली काय?”

“डॉक्टरनं तुलापण बघायला सांगितलंय, शेवंते.”

“तुमचे बघा. माझे पाय भाताच्या चिखलात पिकलेत.”

डॉक्टरनं तिच्याही तळव्याला नायलॉनच्या ताठ दोऱ्याचं टोक टेकवून विचारलं होतं, “लागतं?” “लागतं की!” ती फटकन म्हणाली होती.

गौरीच्या दिवशी सून संचिता म्हणाली, “आई, चप्पल घाला. खाली मंडपवाल्यांनी खिळे सांडलेत.”

“तू घाल. गवर काय मॉलमध्ये चाललीय?”

आवारातल्या नळावर तिनं तेरड्याची गवर पुजली, तोंडात पाण्याची चूळ धरली. गवर पाटावर बसेपर्यंत बोलायचं नाही, ही माहेरची रीत. ताठ मानेनं आवार ओलांडून ती लिफ्टनं वर आली. उंबऱ्यापासून पाटापर्यंत संचितानं कुंकवाची पावलं काढली होती.

मागून विमलाबाई ओरडली, “अगंबाई! लिफ्टपासून लाल पावलं! ही तर कुणीच काढली नव्हती. गवर पावली गं!” आणि गुडघे धरत ती फरशीवर डोकं टेकायला वाकली.

साखर डोक्यात चढलीय हिच्या, शेवंती मनात म्हणाली.

महिपतनं हात जोडले नाहीत. “सगळी उजव्याच पायाची कशी?” एकेक पाऊल बघत तो तिच्यापर्यंत आला. तिनं गवर पाटावर ठेवली, तसा तो हातआरसा घेऊन खाली बसला, तिचा पाय हलकेच उचलला आणि आरसा खाली धरला.

तळव्यात खिळा होता. माथ्यापर्यंत रुतलेला.

“दुखत नाय?” त्यानं वर बघत विचारलं.

शेवंती आरशात बघत राहिली, कुणा परक्या बाईचा पाय बघावा तशी. तोंडातलं पाणी तिनं गिळलं.

“नाय दुखत. शिमग्यापासून ह्या पायाला काय कळतच नाय हो. डॉक्टरला खोटं बोलले मी. खिळा सोडा... मातीपण लागत नाय.”