पहिलं रीडिंग

सासूने शिकवायचं आणि सुनेने शिकायचं, ही जगाची रीत. या घरात गंगा उलटी वाहत होती आणि दोघींना त्याचं छुपं समाधानही होतं. सुनेला हक्काने आवाज चढवता येत होता आणि सासूबाईंना ‘मी सुनेचं ऐकते हो’ असं शेजारणीला सांगता येत होतं.

कारण मात्र गमतीचं नव्हतं. रुग्णालयाच्या शिवणखोलीत अंगरखे आणि अभ्रे शिवण्यात सासूबाईंची उमर गेली. आता ती खोली बंद होणार होती, कपडे बाहेरून तयार येणार होते. मेट्रन म्हणाली, “प्रयोगशाळेत मदतनीस हवी आहे. तुमचा हात स्थिर आहे, पण बारावीचं रसायनशास्त्र पास पाहिजे.” नेमका तोच विषय सासूबाईंचा जन्माचा राहिलेला. मागच्या परीक्षेत लेखी निघालं, प्रात्यक्षिक गेलं. आता फेरपरीक्षा. ती गेली की जागाही गेली.

सून शाळेत रसायनशास्त्रच शिकवायची. रोज चहानंतर जेवणाच्या टेबलावर वर्ग भरे. मुलगा मधल्या खुर्चीवर मटार सोलत बसे. कात्रीत सापडलेल्या माणसाने बोटं हलवावीत, जीभ हलवू नये, एवढं शहाणपण त्याला लग्नाने दिलं होतं.

पहिलं भांडण दोनाच्या आकड्यावरून झालं. ऑक्झॅलिक आम्लाच्या एका रेणूला सोडियम हायड्रॉक्साइडचे दोन लागतात. समीकरणात दोन हायड्रॉक्साइडशेजारी दिसतो, म्हणून सासूबाई हिशेबातही त्याला तिथेच बसवत. उत्तर पाव हिश्श्यावर येई.

“आई, एका शर्टाला बाह्या किती?”

“दोन.”

“मग बाह्या किती लागतील ते काढायला दोनाने कशाला गुणाल? शर्टांना की बाह्यांना?”

“शर्टांना. एवढं कळतं मला.”

“झालं तर. आम्ल म्हणजे शर्ट.”

हे इतकं पक्कं बसलं, की दुसऱ्या दिवशी त्यांनी हायड्रोक्लोरिक आम्लालाही दोनाने गुणलं.

“अहो, हा एका बाहीचा शर्ट आहे!”

“असला शर्ट शिवतं कोण?”

मुलगा हसला. दोघींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की एक शेंग सालीसकट वाटीत गेली.

खरं दुखणं पुढे निघालं. सून त्यांना सरावाला शाळेच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. ब्युरेट या खुणांच्या काचनळीतून हायड्रॉक्साइड सोडायचं, खालचं आम्ल फिकट गुलाबी झालं की तोटी बंद आणि किती मिलिलिटर लागलं ते नळीवर वाचायचं. पहिल्या खेपेला रंग भडक झाला आणि रीडिंग आलं दहा पॉइंट सात. पुढच्या दोन्ही खेपांना दहा पॉइंट एक. सासूबाईंनी तिन्हींची बेरीज केली आणि तिनाने भागलं.

“पहिलं फेका, आई. ते अंदाजाचं असतं.”

“फेकू? मी चिंधी फेकत नाही कधी, आणि हे माझ्या हातचं अख्खं रीडिंग फेकू? थेंबे थेंबे तळे साचे.”

“इथे थेंबाथेंबाने मार्क जातात!”

घरी सोडवायला दिलेल्या प्रत्येक उदाहरणात पहिलं रीडिंग सरासरीत हजर. शेवटी सुनेचा तोल गेला. “मागच्या वेळी यापायीच नापास झालात, पुन्हा व्हाल. ही शिवणखोली नाही!”

सासूबाई उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या.

“वर्गात पण अशीच बोलतेस?” मुलाने विचारलं.

“वर्गात याहून वाईट बोलते,” सून म्हणाली, पण तिला काही चैन पडेना. थोड्या वेळाने ती आत गेली. सासूबाई शेजारणीच्या झग्याची शिवण उसवत होत्या.

“चांगली शिवण का उसवताय?”

“कच्ची टीप आहे. झगा कुठे बसतोय ते बघायला घातलेली. ते कळलं, तिचं काम संपलं.”

सुनेचे डोळे चमकले. “पहिलं रीडिंग म्हणजे हेच! कुठे थांबायचं ते कळलं, की टाकायचं फेकून.”

सासूबाईंनी उसवलेला दोरा शांतपणे रिकाम्या रिळावर चढवला. “टीप उसवते मी. दोरा फेकत नाही.”

सुनेला निरीक्षणांचा तक्ता आठवला. तक्त्यात पहिल्या रीडिंगची ओळ असतेच. ते लिहायचंच असतं, फक्त सरासरीत धरायचं नसतं. ‘फेका’ हा शब्द पुस्तकाचा नव्हता, तिच्या घाईचा होता.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “फेकू नका. लिहा, पण सरासरीत धरू नका.”

“म्हणजे नव्या सुनेसारखं. घरात घ्यायचं, मत विचारायचं नाही.”

दोघी हसल्या. कोण किती मनापासून, ते त्यांनाच ठाऊक.

परीक्षा नेमकी सुनेच्याच शाळेत आणि परीक्षार्थी घरचीच, त्यामुळे तिला प्रयोगशाळेचं दार बंद. ती जिन्यावर वह्या तपासत बसली आणि एकच वही दोनदा तपासून मोकळी झाली.

आत सासूबाईंचं पहिलं रीडिंग दहा पॉइंट आठ, दुसरं दहा पॉइंट एक, तिसरं दहा पॉइंट चार. शेजारची मुलगी कुजबुजली, “काकू, दहा पॉइंट एकच लिहून टाका ना. सगळे तेच करतात.” सासूबाईंचं लक्ष तोटीकडे होतं. ती बंद असूनही एक थेंब टेबलावर पडला.

“साहेब, तोटी गळतेय. दुसरी ब्युरेट द्या.”

“बाई, वेळ थोडाच राहिलाय.”

“म्हणूनच लवकर द्या.”

बाहेर आल्या तेव्हा सून पायरीवरून उठलीच. “काय झालं?”

“दहा पॉइंट एक दोनदा आलं. बाकीची दोन लिहिली, धरली नाहीत. तोटी गळत होती, तेही लिहिलं. उत्तर शून्य पॉइंट शून्य नव्व्याण्णव.”

सुनेने मनातल्या मनात गुणून, भागून पाहिलं. दोन जागच्या जागी होता. पण द्रावण बाहेरून आलं होतं. बाटलीत खरं किती, ते तिलाही माहीत नव्हतं. निकाल लागेपर्यंत तिने घरात रसायनशास्त्राचं नाव काढलं नाही.

निकाल घेऊन ती शाळेतून जवळजवळ पळतच आली. “आई, तीसपैकी चोवीस! पास! जागा तुमची!”

सासूबाईंनी चष्मा लावला, कागद उजेडात धरला, डोळे पुसले आणि पुन्हा वाचला.

“सहा कुठे गेले?”

“अहो, पास झालात ना?”

“ते दिसलं. सहा कुठे गेले, ते त्या साहेबांना विचारून ये.”

“परीक्षकांना असं विचारत नाहीत, आई.”

“मग मीच विचारते. सोमवारपासून मी प्रयोगशाळेतली माणूस आहे.”