तीन शेतांचा एक पंप

मित्रांनो, चेन्नईजवळ तांबरमच्या एका सरकारी कचेरीमागे पत्र्याची शेड आहे. तिथे गोणपाटाखाली गंजत पडलेला हिरवा डिझेल पंप म्हणजे मी.

माझा जन्म कोइंबतूरचा. ज्या कारागिराने मला पहिल्यांदा सुरू करून पाहिले, तो कान देऊन ऐकत म्हणाला होता, गळा चांगला आहे याचा. एवढीच काय ती शाबासकी.

२००३ साली पाऊस रुसला. पंप घेणाऱ्या शेतकऱ्याला निम्मी किंमत सरकार अनुदान म्हणून देत होते. पण आधी अधिकारी शेतावर येऊन पंप पाहणार, मग पैसे सुटणार. चंद्रमौळी नावाच्या विक्रेत्याने मला एका शेतावर नेले, पाठीवर मालकाचे नाव रंगवले. फोटो निघाला आणि संध्याकाळी मी टेंपोतून परत. अनुदान चंद्रमौळीने आणि त्या मालकाने वाटून घेतले. मग दुसरे शेत, दुसरे नाव. पाण्याचा थेंब माझ्यातून गेला नाही.

तिसरे शेत अलमेलूअक्कांचे. एकट्या बाईने दुभती म्हैस विकून आपला निम्मा हिस्सा खराखुरा भरला होता. विहिरीत पाणी होते, उपसायला हात नव्हते. भुईमूग फुलावर आलेला. अक्कांनी मला कुंकू लावले. आता इथेच राहायचे, या आनंदात मी होतो.

तपासणीला सेतुमाधव आले. नुकतेच बदलून आलेले, वेस्ट मांबलमहून रोज गाडीने येणारे सरळ गृहस्थ. माझ्या पट्टीवरचा नंबर त्यांनी टिपला, जुन्या दोन फायली उघडल्या आणि थबकले. तोच नंबर.

“सार, देवळातली उत्सवमूर्तीसुद्धा गल्लोगल्ली फिरते,” चंद्रमौळी हसला. “तिला कुणी नंबर विचारतं का?”

सेतुमाधव हसले नाहीत. त्यांनी जप्तीची मोहर लावायला लाख आणि सुतळी काढली. अक्का पुढे आल्या. अक्का आणि सेतुमाधव, दोघांचीही मुळे तंजावूरच्या मराठी घरांतली. सेतुमाधवांची मराठी ऐकून अक्कांना धीर आला होता.

“अण्णा, नंबर कुणाचाही असू द्या. आठ दिवस पाणी ओढू द्या, मग न्या की.”

माझ्या चाकावर ठेवलेला सेतुमाधवांचा हात बराच वेळ हलला नाही.

“आज सोडला तर उद्या हा चौथ्या शेतावर दिसेल, अक्का,” ते म्हणाले, आणि मोहर उठली.

अक्कांना पंप लवकर मिळावा म्हणून सेतुमाधवांनी पत्रांवर पत्रे लिहिली, चेन्नईच्या मोठ्या कचेरीचे जिने झिजवले. इकडे कारकून त्यांना चिडवत, तुमच्या पंपाला बढती मिळाली, आता तो पुरावा झाला. चंद्रमौळीचे दुकान महिनाभर बंद राहिले, मग बायकोच्या नावाने उघडले.

जप्त होऊन मी या शेडमध्ये आलो, त्याच्या विसाव्या दिवशी अक्का इथे आल्या. गोणपाट उचलून माझ्याकडे पाहिले. पंधरवड्यात पंप सोडण्याचा आदेश येईल, असे सेतुमाधव सांगू लागले.

“आला तरी राहू द्या, अण्णा. शेंगा धरल्याच नाहीत. जमीन परवा प्लॉटवाल्याला लिहून दिली.”

आवाजात राग नव्हता. राग असता, तर बरे झाले असते.

आदेश आला तो दोन वर्षांनी. अलमेलू निर्दोष, पंप त्यांना द्यावा. सेतुमाधव तो घेऊन वेलचेरीला गेले. तिथे अक्का कुणाच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाक करत होत्या. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर उभे राहून ते पुटपुटत होते, ते मी ऐकले. अक्कांनी पदराला हात पुसले, पोचपावती मागून घेतली आणि सही केली. म्हणाल्या, “तुमची फाईल तरी बंद होऊ द्या, अण्णा.”

मला न्यायला अक्का आल्या नाहीत, आणि त्यानंतर सेतुमाधवही शेडकडे फिरकले नाहीत.

मित्रांनो, खोटे पकडणाऱ्यांवर माझा राग नाही. खोटे पकडायलाच हवे. पण तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हाती एखादी मोहर येईल. त्या दिवशी शेजारी कुणाचे रान सुकत असेल, तर आधी पाणी सोडा. मोहर थांबते. पीक थांबत नाही.